लोह ताटातले आणि लोह रक्तातले

आरोग्यासाठी काय खावे, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे बहुधा याद्यांच्या रूपात मिळतात. लोहासाठी पालक, खजूर आणि गूळ. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. क जीवनसत्त्वासाठी आवळा. प्रत्येक पदार्थापुढे ‘शंभर ग्रॅममागे इतके मिलीग्रॅम’ असा आकडा असतो आणि ज्याचा आकडा मोठा तो पदार्थ चांगला, असा हिशेब वाचणारा मनाशी करतो. लोहाच्या बाबतीत हा हिशेब फसवा आहे. पदार्थात लोह किती आहे याला महत्त्व आहेच. पण तो पदार्थ कसा शिजवला, कशाबरोबर खाल्ला आणि त्यावर लगेच काय प्यायले, यावरून त्यातले किती लोह रक्तापर्यंत पोहोचणार हे ठरते. हा फरक थोडाथोडका नसतो, दुपटी-तिपटीचा असतो. महाराष्ट्रातल्या बहुतांश घरांत रोज जे जेवण होते, भाकरी किंवा पोळी, भाजी, आमटी, भात, त्यात एकही नवा किंवा महागडा पदार्थ न आणता शरीराला मिळणारे लोह वाढवता येते. ते का आणि कुठवर शक्य आहे, हे पुराव्याच्या आधाराने तपासण्यासारखे आहे, कारण प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातले प्रमाण ५४ टक्के होते आणि त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होते. पुरुषांत हेच प्रमाण देशभरात २५ टक्के होते. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही मोजणी होते आणि ती प्रमाण फुगवते, असा आक्षेप जाणकार घेतात व त्यात तथ्य आहे. तो आक्षेप मान्य करून आकडा खाली ओढला, तरी उरतो तो आकडाही स्वस्थ बसू देणारा नाही.

शरीर लोहाशी फार काटकसरीने वागते. प्रौढ माणसाच्या अंगात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते आणि त्यातले जवळपास दोनतृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ती मोडली की तिच्यातले लोह पुन्हा नव्या पेशींसाठी वापरले जाते. या फेरवापरातून रोज वीस-पंचवीस मिलीग्रॅम लोह फिरत राहते आणि बाहेरून येणारे लोह फक्त झीज भरून काढण्यापुरते लागते. पुरुषाची ही झीज दिवसाला साधारण एक मिलीग्रॅम. पाळी येणाऱ्या स्त्रीची सरासरी दीडच्या आसपास, आणि ज्यांना रक्तस्राव जास्त होतो त्यांची त्याहून बरीच अधिक. गरज इतकी कमी असताना ती भागू नये, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. आता एक ढोबळ हिशेब मांडू. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्यांत सुमारे सहा मिलीग्रॅम लोह, शंभर ग्रॅम मेथीच्या भाजीत साडेपाच, वाटीभर तुरीच्या आमटीत एखादे मिलीग्रॅम. दिवसभराचे इतर खाणे धरून बेरीज पंधरापर्यंत नेऊ. यातले पाच टक्के शोषले गेले तर अंगी लागले पाऊण मिलीग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्मे. दहा टक्के शोषले गेले तर दीड, म्हणजे गरज भागली. ताट तेच, भाकरी तीच, भाजी तीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये शिफारशी ठरवताना आपल्या आहारातले सुमारे आठ टक्के लोह शोषले जाते असे धरले आहे आणि त्यावरून स्त्रीची सरासरी गरज दिवसाला १५ मिलीग्रॅम, तर जवळपास सगळ्या स्त्रियांना पुरेल असा आकडा २९ मिलीग्रॅम काढला आहे. रोजच्या जेवणातून २९ मिलीग्रॅम लोह मिळवणे अवघड आहे. शोषणाची टक्केवारी वाढवणे त्या मानाने सोपे आहे.

मांस-मासळीतल्या लोहाचा बराचसा भाग ‘हीम’ नावाच्या रेणूच्या चौकटीत बंदिस्त असतो आणि तो त्या चौकटीसकट आतड्याच्या पेशीत शिरतो, त्यामुळे सोबत काय खाल्ले याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह मात्र मोकळे असते आणि आतड्यात ज्याच्याशी गाठ पडेल त्याच्याशी ते जोडले जाते. त्याला अडवणारे दोन मुख्य घटक आपल्याच अन्नात असतात. पहिला फायटेट. दाणा उगवताना लागणारा फॉस्फरस वनस्पती या रूपात साठवून ठेवते, म्हणून तो कोंड्यात आणि बीच्या अंकुराजवळ भरपूर असतो. बाजरी, नाचणी, ज्वारी, गव्हाची न चाळलेली कणीक, सगळ्या डाळी आणि तेलबिया यांत तो आहे. दुसरा अडसर पॉलिफेनॉल या वर्गातल्या तुरट द्रव्यांचा. नाचणीच्या तांबड्या सालीत ती असतात आणि चहात तर खूपच असतात. दोन्ही घटक लोहाला घट्ट धरून ठेवतात, न विरघळणारे संयुग तयार होते आणि लोह आतड्यातून जसेच्या तसे पुढे निघून जाते. याच्या उलट काम क जीवनसत्त्व करते. ते लोहाचे रूप पालटून त्याला आतड्याच्या पेशीला उचलता येईल अशा अवस्थेत आणते आणि फायटेट किंवा पॉलिफेनॉलने त्याला पकडण्याआधी स्वतः त्याच्याशी जोडी करून विरघळलेले ठेवते. या सगळ्या घडामोडी एकाच जेवणाच्या मिश्रणात, जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात घडतात. म्हणून दुपारी दीडला भाकरी आणि संध्याकाळी पाचला संत्रे खाल्ले, तर त्या संत्र्याचा भाकरीतल्या लोहाला काही उपयोग नसतो. यादी पाहून दोन्ही पदार्थ ‘आहारात आले’ असे समाधान मिळते. आतड्यात त्यांची भेटच झालेली नसते.

हे केवळ परीक्षानळीतले रसायनशास्त्र नाही. अन्नातल्या लोहावर खूण करून ते पुढे तांबड्या पेशींत किती उतरते हे मोजण्याचे तंत्र गेल्या शतकात विकसित झाले आणि त्यातून माणसांवर मोजमापे झाली. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पावाबरोबर किंवा बटाटा-कांद्याच्या रश्शासह भाताबरोबर चहा दिला, तेव्हा लोहाचे शोषण स्पष्टपणे घटले. आपल्याला अधिक जवळचा पुरावा बेंगळुरूचा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात तरुण भारतीय स्त्रियांना भाताच्या जेवणाबरोबर एक कप चहा दिला, तर शोषण साधारण निम्म्यावर आले. दोन कप दिले, तर दोनतृतीयांश घटले. क जीवनसत्त्व मिसळल्यावर ते कित्येक पटींनी वाढले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१३ मध्ये किशोरवयीनांच्या भाताच्या जेवणात पेरू घातला, तेव्हा शोषण जवळपास दुप्पट झाले. पेरूची निवड विचारपूर्वक होती. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलीग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या चौपट-पाचपट, आणि हिवाळ्यात तो गावोगावच्या बाजारात स्वस्त मिळतो.

हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून आपल्या सकाळच्या कांदेपोह्यांकडे पाहावे. पोहे हे तांदळापेक्षा लोहाने बरेच समृद्ध. वरून पिळलेले लिंबू आणि पेरलेली कच्ची कोथिंबीर ही दोन्ही क जीवनसत्त्वाची, म्हणजे शोषणाला अनुकूल अशी रचना आपसूक झालेली आहे. त्याच बशीशेजारी चहाचा कप असतो आणि लिंबाने जे जमवले ते चहा बऱ्याच अंशी उधळतो. दुधाचा चहा असला तरी तुरट द्रव्ये त्यात असतातच, आणि कॉफीही या बाबतीत निर्दोष नाही. चहा सोडा, असा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. तो कुणी पाळणार नाही आणि त्याची गरजही नाही. अडचण चहाची नसून वेळेची आहे. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबर चहा घेण्याऐवजी एका तासाने घेतला, तेव्हा त्याचा दुष्परिणाम बराच कमी झाला. खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर, एवढाच हा बदल आहे.

अडवणाऱ्या घटकांना आधीच नमवण्याच्या युक्त्या तर आपल्या स्वयंपाकघरात जुन्या आहेत. मटकी किंवा मूग रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधले की दाण्याला उगवण्याची चाहूल लागते, त्याच्यातलेच एक विकर जागे होते आणि साठवलेला फायटेट मोडू लागते. शिवाय कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नासते, म्हणून मोडांची उसळ कुकरमध्ये चार शिट्या काढून केली तर दुसरा फायदा बराचसा जातो. पहिला टिकतो. झाकण ठेवून वाफेवर शिजवलेली उसळ आणि ताटात घेतल्यावर पिळलेले लिंबू, हे दोन्ही फायदे राखते. लिंबू शिजताना न पिळता वाढल्यावर पिळायची रीत चवीसाठी पडली असेल, पण पोषणशास्त्रही तिच्याच बाजूचे आहे. आंबवण्याने हेच काम वेगळ्या वाटेने होते: ज्वारी-नाचणीची आंबील, आंबोळी, इडली यांच्या पिठात आंबताना फायटेट कमी होतो आणि तयार झालेली आम्ले लोहाला विरघळलेले ठेवायला मदत करतात. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व बाळांना देण्याची पद्धत याच कारणाने मोलाची आहे. तयार डब्यातली पूड घेणाऱ्यांनी तिच्यामागची मेहनत कशासाठी होती हे लक्षात घ्यावे. लोखंडी कढईत भाजी केली तर कढईतलेही थोडे लोह अन्नात उतरते, आंबट पदार्थात जास्त. १९९९ साली इथिओपियात झालेल्या चाचणीत लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेले खाणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले होते. नॉनस्टिक तव्याने आणि स्टीलच्या कढईने स्वयंपाक सुटसुटीत झाला हे खरे, पण जुनी कढई माळ्यावर टाकताना तिच्याबरोबर लोहाचा हा फुकटचा हप्ताही गेला.

भाकरीचे मात्र तसे नाही. बाजरीचे पीठ लवकर खवट होते, ते ताजे दळून लगेच मळावे लागते, आंबायला त्याला सवड मिळत नाही. त्यामुळे भाकरीतले लोह मोकळे करण्याची जबाबदारी ताटातल्या बाकीच्या पदार्थांवर येते. कच्चा कांदा, मुळा, कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर, लिंबाची फोड, हंगामात पेरू किंवा आवळा, यांपैकी काहीतरी कच्चे भाकरीबरोबर त्याच घासांत असायला हवे. ताटाच्या डाव्या बाजूला वाढायचे हे पदार्थ आपण तोंडी लावणे समजतो आणि घाईच्या दिवशी सर्वांत आधी त्यांनाच फाटा देतो. लोहापुरते बोलायचे तर ते उजव्या बाजूच्या भाजीइतकेच महत्त्वाचे आहेत.

लोहासाठी नावाजलेल्या पदार्थांपैकी काहींची कीर्ती मुळातच तपासून घ्यावी लागेल. हळिवाच्या शंभर ग्रॅममध्ये शंभर मिलीग्रॅम लोह, असे जुन्या तक्त्यांत नोंदले होते आणि अजूनही सगळीकडे तेच सांगितले जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या नव्या विश्लेषणात हा आकडा पुष्कळच कमी निघाला. तरीही हळीव लोहाने समृद्ध आहे, आणि बाळंतिणीला हळिवाचे लाडू देण्यात चूक काहीच नाही, पण एका लाडवात हळीव पडतात चमचाभर. गुळाचेही तेच: वीस ग्रॅम गुळातून एखादे मिलीग्रॅमही लोह मिळत नाही, शोषणाची गोष्ट पुढचीच. साखरेऐवजी गूळ घ्यावा, पण रक्तवाढीचा भरवसा त्याच्यावर ठेवू नये.

या सगळ्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. एका जेवणावरची मोजमापे परिणाम वाढवून दाखवतात. महिनोन्महिने पाहिले तर फरक पडत नाही, असे काही अभ्यास सांगतात. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी लोकांनी रोज जेवणाबरोबर दोन ग्रॅम क जीवनसत्त्व अनेक आठवडे घेतले, तरी त्यांच्या लोहाच्या साठ्यात वाढ झाली नाही. ग्रामीण मेक्सिकोतला २००३ चा अभ्यास तर अधिक विचार करायला लावतो. तिथे लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांना दिवसातून दोनदा जेवणाबरोबर लिंबाचे सरबत दिले, एका जेवणावरच्या मोजणीत शोषण वाढलेलेही दिसले, पण आठ महिन्यांनंतर त्यांच्या लोहाच्या स्थितीत सुधारणा आढळली नाही. पहिल्या प्रयोगाचे स्पष्टीकरण सोपे आहे. यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. साठा भरलेला असेल तर हेप्सिडिन वाढते आणि आतड्याचे दार बंद करते. भरल्या कोठारात आणखी धान्य शिरत नाही, यावरून रिकाम्या कोठाराबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मेक्सिकोच्या निष्कर्षाला असे सोपे उत्तर नाही. त्या सरबतातून दर वेळी मिळणारे क जीवनसत्त्व सुमारे २५ मिलीग्रॅम होते, आणि फायटेटने भरलेल्या आहारात तेवढे दीर्घकाळ पुरले नसावे, हे एक संभाव्य कारण. दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. बडोद्यात १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तक्षय असलेल्या लहान मुलांना दोन्ही जेवणांबरोबर शंभर-शंभर मिलीग्रॅम क जीवनसत्त्व दोन महिने दिले, आणि वेगळे लोह न देताही त्यांचे हिमोग्लोबिन वाढले. हैदराबादच्या संशोधकांनी पुढे शाळापूर्व वयाच्या मुलांच्या पूरक आहाराबरोबर रोज पेरूची फोड देऊन पाहिली, तेव्हाही त्यांची लोहाची स्थिती सुधारली. चहाबद्दलचा दीर्घकालीन पुरावा उलट्या दिशेने येतो. ज्यांच्या अंगात जन्मजात दोषामुळे लोह साचत जाते अशा जर्मनीतल्या रुग्णांना वर्षभर जेवणाबरोबर चहा दिला, तर त्यांच्यात लोह साचण्याचा वेग कमी झाला. सगळे एकत्र तोलले तर मला असे दिसते की नुसते थोडे लिंबू पिळून रक्तक्षय बरा होईल, हा दावा टिकणारा नाही. पण भिजवणे-आंबवणे, क जीवनसत्त्वाचा भरघोस स्रोत आणि चहाचे अंतर हे तिन्ही एकत्र आले, तर काठावर असलेल्या माणसाला ते अलीकडे खेचू शकते. आणि आपल्याकडे काठावरची माणसे फार मोठ्या संख्येने आहेत.

मग लोहाचे प्रमाणच का वाढवू नये, हा प्रश्न रास्त आहे. तसा प्रयत्न महाराष्ट्रातच यशस्वी झाला आहे. इक्रिसॅट ही कृषी संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून ‘धनशक्ती’ हे जास्त लोह असलेले बाजरीचे वाण विकसित केले. राज्याच्या ग्रामीण भागातल्या निवासी शाळांत १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना दोन्ही वेळच्या जेवणात साध्या किंवा लोहसमृद्ध बाजरीची भाकरी देऊन चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी ज्यांना लोहसमृद्ध भाकरी मिळाली, त्यांची कमतरता सहा महिन्यांत दूर होण्याची शक्यता इतरांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त होती. हा निष्कर्ष माझ्या मांडणीला छेद देत नाही. टक्केवारी तीच राहिली तर जास्त लोहातून जास्तच मिळणार; टक्केवारीही वाढली तर आणखी. गोळ्यांचेही तसेच आहे. गरोदरपणातली वाढीव गरज आपल्या आहारातून भागत नाही, तिथे गोळी हवीच, आणि हिमोग्लोबिन खूप उतरले असेल तर अन्नाच्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. पण उपकेंद्रातून आणलेली तीच गोळी चहाबरोबर गिळली, तर तिच्यातल्या लोहाची गत पोह्यांतल्या लोहासारखीच होते. आणखी एक भान ठेवायला हवे: प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांत रक्तक्षय होता, तर लोहाची कमतरता ३२ टक्क्यांत होती. ब१२ आणि फोलेट यांची उणीव, जंत, हिवताप, थॅलेसेमिया, आणि विदर्भापासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यातला सिकलसेल, ही कारणे वेगळी आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे. म्हणून औषध म्हणून लोह सुरू करण्याआधी रक्ततपासणी हवी.

अन्नाच्या जुळणीबद्दल बोलताना ते अन्न कोणाच्या पानात पडते हे सोडून देता येत नाही. स्त्रियांचा रक्तक्षय पुरुषांच्या दुपटीहून अधिक असण्यामागे पाळी आणि बाळंतपण ही शारीरिक कारणे आहेत. पण ज्या घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तिथे तिच्यापर्यंत भाकरी आणि रस्सा पोहोचतो, भाजी आणि कोशिंबीर आधीच संपलेली असते. म्हणजे सर्वाधिक गरज असलेल्या माणसाला लोह आणणारा पदार्थही कमी आणि ते मोकळे करणारा पदार्थही कमी मिळतो. शेतावर किंवा कामावर लवकर निघणारी बाई सकाळी चहावरच भागवते. रिकाम्या पोटी घेतलेला चहा लोहाला आडवा येत नाही, कारण अडवायला पोटात काहीच नसते. पण त्याने भूक मरते आणि एक पूर्ण खाणे बुडते. तिला पालकाचे किंवा हळिवाचे गुण सांगून हे बदलत नाही. आशाताई किंवा अंगणवाडीताई घरी येते, तेव्हा तिने काय खाता हे विचारावेच, पण सकाळचे पहिले खाणे किती वाजता होते, चहा कशाबरोबर घेता आणि जेवायला कोणाच्या नंतर बसता, हेही विचारावे. आणि हे प्रश्न घरातल्या बाकीच्या माणसांसमोर विचारावेत, कारण त्यांची उत्तरे बदलणे एकट्या तिच्या हातात नसते.